'सँक्शन'चा अर्थ एका शब्दात छापू नका

मा. संपादक,
सा.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शिक्षणाच्या पानावर खाली कोपऱ्यात रोज पाच इंग्रजी शब्द येतात आणि समोर एकेक मराठी अर्थ असतो, तो चौकोन माझी भाची गेले आठ महिने रोज कापून वहीत चिकटवतेय. ती खानापूर तालुक्यात मराठी शाळेत दहावीला आहे. घरी एकच पेपर येतो, तो आधी तिचे आजोबा वाचणार, मग शेजारी जाणार, तो परत आला की हिची कात्री. दोन वह्या भरल्या, तिसरी चालू आहे. एवढ्या मायेनं जी पोर तुमचा पेपर जपते तिच्यासाठीच हे पत्र लिहितेय, जरा लांब होईल पण पूर्ण वाचा ही विनंती.

मागच्या महिन्यात त्यांची प्रिपरेटरी झाली. इंग्रजीच्या पेपरात एक उतारा होता, एका देशानं दुसऱ्यावर हल्ला केला आणि मग बाकीच्या देशांनी त्याच्यावर सँक्शन्स लावले असं त्यात होतं, खाली प्रश्न होता की बाकीच्या देशांनी काय केलं ते तुमच्या शब्दात सांगा. हिनं लिहिलं की बाकीच्या देशांनी त्याला परवानगी दिली. कारण तिच्या वहीत तुमच्या पेपरातलं कात्रण आहे, 'सँक्शन – मंजुरी', बाकी काही नाही. त्या प्रश्नाचे मार्क गेले ते गेलेच, पण पुढचे दोन प्रश्न त्याच्यावरच होते, म्हणजे परवानगी मिळाल्यावर त्या देशाचं नुकसान का झालं हे हिला कळेना, तिनं आपल्या मनानं काहीतरी जुळवून लिहिलं, तेही चुकलं. रविवारी माझ्याकडं आली तेव्हा वही काढून दाखवली आणि म्हणाली, मावशी, पेपरात तर मंजुरी दिलंय, मग माझं चुकलं कसं?

आणि मी काय म्हणाले माहितीये, मी म्हणाले तुझं बरोबरच आहे, बाईंनी चुकून कापले असतील मार्क. मी बेळगावात एका सोसायटीत कर्ज विभागात १९ वर्षं काम करतेय. दिवसातून वीस वेळा हा शब्द माझ्या तोंडात असतो. लोन सँक्शन झालं, सँक्शन लेटर घेऊन जा, कमिटीची सँक्शन अजून यायचीय. आमच्याकडं येणारी निम्मी माणसं तर 'लोन सेक्शन झालं काय हो' असं विचारतात आणि आम्हाला कळतं त्यांना काय म्हणायचंय ते. त्यामुळं मला वाटलं या शब्दाबद्दल मला कोण काय सांगणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याच पेपरात परदेशच्या बातमीत 'निर्बंध' वाचलं आणि तीच बातमी मोबाईलवर इंग्रजीत बघितली तर तिथं 'सँक्शन्स' होतं. तेव्हा मला खरंच धस्स झालं. पोरीला मी चुकीचं सांगून परत पाठवलं होतं.

मग त्या आठवड्यात मी वाचनालयातल्या मोठ्या डिक्शनरीत बघितलं, आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सरांना विचारलं, आणि जे कळलं ते मला इतकं भारी वाटलं की सगळ्यांना सांगावं असं झालं. या एका शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते जवळजवळ एकमेकांच्या उलटे आहेत. एक म्हणजे मंजुरी, मान्यता, संमती. दुसरा म्हणजे निर्बंध, शिक्षा, नियम मोडल्याबद्दल केलेली कारवाई. एका तोंडानं 'कर' म्हणणारा आणि दुसऱ्या तोंडानं 'का केलंस' म्हणून दंड घेणारा शब्द!

हे असं कसं झालं ते कळलं की मग तो शब्द विसरायला होत नाही. मूळ लॅटिन आहे. तिथं 'सांकिरे' असं क्रियापद होतं, त्याचा अर्थ एखादी गोष्ट पवित्र ठरवणं, मोडायची नाही अशी पक्की करणं. त्यावरून 'सांक्तिओ'. रोमन लोकांच्या कायद्यात एक भाग असायचा की हा कायदा मोडला तर काय शिक्षा, त्या भागाला हा शब्द वापरायचे. म्हणजे सुरुवातीला मंजुरी आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच, कायदा पक्का करणं ही एकच गोष्ट होती, पक्का केला म्हणजे त्याला मान्यता आली आणि मोडणाऱ्याला शिक्षा पण आली. पुढं इंग्रजीत आल्यावर काही लोकांनी पहिलं टोक धरलं, काहींनी दुसरं.

मला हे लगेच पटलं कारण आमचं सँक्शन लेटर अगदी असंच असतं. वर मोठ्या अक्षरात रक्कम, अमुक इतके लाख मंजूर. खाली बारीक अक्षरात हप्ता कधी, थकला तर दंडव्याज किती, तीन हप्ते थकले तर जामीनदाराला नोटीस, तारण काय काय जप्त होऊ शकतं. कागद एकच. माणसं वरची ओळ बघतात, हात जोडतात, पेढे घेऊन येतात, आणि खालचं कोण वाचत नाही, मी दरवेळी बोट ठेवून वाचून दाखवते तरी 'हो हो मॅडम, तुम्ही सांगालासा म्हणजे झालं' म्हणून सही करतात. १९ वर्षं मी हा शब्द दोन्ही अर्थांनी एकाच कागदावर बघत होते आणि मला वरचाच माहिती होता.

आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालं, बारापेडेच्या गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळांमुळं त्याचं नाव दूरवर गेलंय. रस्त्यावर पाटी आहे, 'वाइल्डलाइफ सँक्च्युअरी'. तो सँक्च्युअरी शब्द पण याच मुळाचा. आधी तो देवळाच्या, चर्चच्या पवित्र जागेला वापरायचे, तिथं शिरलेल्याला कोण हात लावायचा नाही, मग जनावरांच्या राखीव जंगलाला लागला. आता बघा की तिथं पण तेच, गव्याला आणि अस्वलाला मोकळीक, बंदूकवाल्याला बंदी, आणि दोन्ही एकाच पाटीत. आपला 'अभयारण्य' शब्द त्याच्यापेक्षा गोड आहे हे मात्र मी म्हणणारच, भय नाही असं अरण्य, मुलाला फोड करून सांगितलं की जन्मभर लक्षात राहतं.

याच घरातला 'सेंट' शब्द, सेंट मेरी, सेंट पॉल वगैरे, लॅटिन 'सांक्तुस' म्हणजे पवित्र त्यावरून. इथं एक सांगायलाच पाहिजे, कारण मी स्वतः कितीतरी वर्षं समजत होते की आपला 'संत' आणि त्यांचा 'सेंट' एकच असणार. दिसायला एक, अर्थाला पण जवळ. पण नाही. आपला संत संस्कृतातल्या 'सत्' वरून आलाय, म्हणजे जे आहे, जे खरं आहे, चांगलं आहे ते. दोन वेगळ्या गावचे दोन माणसं तोंडावळ्यानं सारखे दिसावेत तसं झालंय. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं.

आता निर्बंध या अर्थानं हा शब्द बातम्यात कुठनं आला ते पण मुलांना सांगण्यासारखं आहे, कारण त्यात इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ झाला, इटलीनं १९३५ साली इथिओपियावर हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघानं इटलीवर आर्थिक सँक्शन्स लावले. नंतर संयुक्त राष्ट्रांनी १९६६ साली ऱ्होडेशियावर, म्हणजे आत्ताच्या झिम्बाब्वेवर, लावले, कारण तिथं मूठभर गोऱ्यांनी बहुसंख्य काळ्या लोकांना हक्क न देता राज्य हातात घेतलं होतं. १९७७ साली दक्षिण आफ्रिकेला शस्त्रं विकायची नाहीत असं ठरलं. आणि आपल्या देशानं तर त्याच्या कितीतरी आधी, १९४६ सालीच, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता, तिथल्या वर्णभेदामुळं, हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि जातं पण मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आणि मग १९९८. मे महिना, मी दहावीची परीक्षा देऊन रिझल्टची वाट बघत होते. पोखरणला ११ आणि १३ मेला अणुचाचण्या झाल्या, गल्लीत साखर वाटली. मग काही दिवसांनी वडील पेपर वाचताना म्हणाले, अमेरिकेनं निर्बंध घातले, जपाननं पण. निर्बंध हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा कळला आणि तो मला कोण शिकवला नाही, वडलांच्या चेहऱ्यावरनं आणि पुढच्या बोलण्यावरनं कळला. जपाननं भारताला नवीन कर्ज द्यायचं थांबवलं, जागतिक बँकेची काही कर्जं पुढं ढकलली गेली. अमेरिकेनं ते २००१ साली उठवले. परवा हे सगळं भाचीला सांगताना माझ्या लक्षात आलं की म्हणजे तेव्हा सँक्शन्स लागले म्हणून कर्जाची सँक्शन थांबली! एकाच वाक्यात दोन्ही! ती दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली थांब मावशी लिहून घेते.

पण इतिहास सांगून परीक्षेत भागत नाही, समोर वाक्य आलं की कुठला अर्थ घ्यायचा हे कसं ओळखायचं ते मुलांना पाहिजे. त्याला एक युक्ती आम्ही दोघींनी बसून काढली, आणि ती मराठीतनंच निघाली. मराठीत आपण म्हणतो 'देशाला मंजुरी' आणि 'देशावर निर्बंध'. 'ला' आणि 'वर'. कोण चुकून सुद्धा 'देशावर मंजुरी' म्हणत नाही. इंग्रजीत पण तसंच आहे, निर्बंध असेल तर पुढं 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' येतं, आपल्या 'वर' आणि 'विरुद्ध' सारखं, आणि मंजुरी असेल तर 'फॉर' किंवा 'ऑफ' येतं, अमक्यासाठी, अमक्याची. दुसरं असं की निर्बंध बहुतेक अनेकवचनात येतात, सँक्शन्स, शेवटी स लागलेला. मंजुरी एकवचनात. तिसरं म्हणजे सोबतचं क्रियापद. निर्बंध 'इम्पोज' करतात म्हणजे लादतात, 'लिफ्ट' करतात म्हणजे उठवतात, 'ईझ' करतात म्हणजे सैल करतात. मंजुरी 'गिव्ह' करतात, 'ग्रँट' करतात, 'ऑब्टेन' करतात. आपण तरी मंजुरी लादतो काय? भाचीनंच हा प्रश्न मला विचारला, मंजुरी कोण लादतंय गं, आणि तिथंच तिला आपलं उत्तर का चुकलं ते कळलं, मला काही सांगावं लागलं नाही.

क्रियापद म्हणून आलं की मात्र सावध राहावं लागतं. बँकेनं लोन सँक्शन केलं म्हणजे मंजूर केलं, हे रोजचं आहे. पण अमेरिकेतल्या कोर्टानं वकिलाला सँक्शन केलं अशी बातमी आली तर त्याला दंड केला असा अर्थ. तेलाचं 'सँक्शन्ड' जहाज म्हणजे परवाना असलेलं जहाज नाही तर निर्बंधांच्या यादीत नाव आलेलं जहाज. आणि घरी हेस्कॉमचं लाइट बिल येतं त्याच्यावर 'सँक्शन्ड लोड' म्हणजे मंजूर झालेला भार. कोल्हापुरात माझ्या नणंदेच्या घरी बिल मराठीत येतं, त्याच्यावर सरळ 'मंजूर भार' असं छापलेलं असतं, पोरं लहानपणापासून बघतात. शंभर किलोमीटरचा फरक.

कायद्यात अजून एक वापर आहे जो मला सगळ्यात अवघड वाटला. सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या कामाबद्दल खटला भरायचा असेल तर आधी सरकारची सँक्शन लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १९७ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्यात कलम २१८. इथं सँक्शन म्हणजे मंजुरीच, पण ती त्या अधिकाऱ्याला नाही, त्याच्याविरुद्ध खटला भरायला. बातमीत 'अमक्याच्या प्रॉसिक्यूशनला सँक्शन' असं आलं की लोकांना वाटतं अमक्याला काहीतरी मिळालं. आमच्या ऑफिसात मी विचारून बघितलं, सहा जणांपैकी चौघांना तसंच वाटलं होतं.

आता कोण म्हणेल की इंग्रजी भाषाच विचित्र, एका शब्दाला उलटे अर्थ. तसं नाही हो. आपल्या मराठीत काय कमी आहे का? 'वाढवणे' घ्या. पगार वाढवला म्हणजे जास्त केला. देवापुढं नारळ वाढवला म्हणजे फोडला. बांगडी वाढवली म्हणजे फुटली. संध्याकाळी गणपत गल्लीत दुकानदार म्हणतो चला आता दुकान वाढवू या, म्हणजे तो दुकानाला अजून दोन गाळे जोडत नाहीये, बंद करून घरी निघालाय. मोडणं, फोडणं, बंद करणं असे अशुभ शब्द तोंडातनं काढायचे नाहीत म्हणून आपल्या बायामाणसांनी, व्यापाऱ्यांनी हे शब्द फिरवून घेतले. माझी आजी कुंकवाचा करंडा रिकामा झाला तरी 'संपलं' म्हणायची नाही, 'वाढलं' म्हणायची. आणि घरातनं निघताना आपण 'जातो' म्हणतो काय? 'येतो' म्हणतो. आमच्या शेजारच्या कन्नड काकू पण निघताना 'बर्तीनि' म्हणतात, म्हणजे येते. दोन्ही भाषांत येते म्हणत जायचं! हे कुठल्या पोराला डिक्शनरी बघून कळलं? घरात रोज कानावर पडलं म्हणून कळलं. उद्या कोण परदेशी माणूस मराठी शिकायला आला आणि त्याला एका चौकोनात 'वाढवणे – जास्त करणे' एवढंच छापून दिलं तर त्याचं गणपत गल्लीत काय होईल? तेच आमच्या मुलांचं इंग्रजीच्या पेपरात होतंय.

'मंजूर' शब्दाबद्दल पण एक गंमत कळली. तो मूळचा अरबी, फारशीतनं आपल्याकडं आलेला, मूळ अर्थ 'बघितलेलं', नजरेखालनं गेलेलं. नजर शब्द त्याच मुळाचा. साहेबानं कागद नजरेखालनं घातला म्हणजे मंजूर झाला. आणि हाच शब्द कन्नडमधे पण आहे, माझ्या शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण ग्राहकाला 'मंजूर आगेद' म्हणून सांगते, मी 'मंजूर झालंय' म्हणते, ग्राहक दोघींचं पण ऐकून हसतो. निर्बंध शब्द तर संस्कृतातला, तो पण दोन्हीकडं. म्हणजे आमच्या इथल्या पोराला हा एक इंग्रजी शब्द नीट शिकवला तर मराठी आणि कन्नड दोन्हीची दारं आधीच उघडी आहेत, नवीन पाठ करायला काही नाहीच. तीन भाषा शिकायच्या म्हणजे ओझं असं आपण म्हणत असतो, पण असं शिकवलं तर एकीचा हात धरून दुसरी येते.

आता ज्या गोष्टीमुळं मी हे पत्र लिहायचं नक्की केलं ती सांगते. मार्क गेले तर पुढच्या परीक्षेत मिळतील. पण गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या पुढच्या एका खेड्यातले एक आजोबा माझ्याकडं कागद घेऊन आले होते. आमच्या सोसायटीचा नव्हता, एका बँकेचा होता, म्हशीसाठी कर्ज मागितलं होतं त्याचं उत्तर, सगळं इंग्रजीत. आजोबांची शाळा मराठीत, सातवीपर्यंत, कन्नड बोलायला येतं पण वाचायला येत नाही, इंग्रजी तर नाहीच. गावातल्या अकरावीच्या एका पोरानं वाचून दाखवलं होतं. कागदावर होतं 'सँक्शन्ड सब्जेक्ट टू' आणि पुढं कागदपत्रांची यादी. पोराला सँक्शन्ड म्हणजे मंजूर माहिती होतं, सब्जेक्ट म्हणजे विषय माहिती होतं, दोन्हीचा एकेकच अर्थ पाठ. त्यानं सांगितलं, आजोबा मंजूर झालंय, विषय कागदपत्रं असा आहे. आजोबांनी दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन म्हशीचा १० हजार इसार देऊन टाकला. 'सब्जेक्ट टू' म्हणजे अमुक अटीवर, अट पूर्ण झाली तरच, हे कोणालाच कळलं नाही. यादीत जमिनीचा उतारा होता, त्याच्यावर अजून तीन भावांची नावं, वाटणी झालेली नाही, सह्या मिळेनात. महिना गेला, कर्ज आलं नाही, म्हैस दुसऱ्यानं नेली, इसार बुडाला. माझ्याकडं ते दोन महिन्यांनी आले आणि विचारलं, बाई, मंजूर केलेलं परत काढून घेता येतं काय हो? मी कागद बघितला आणि मला बोलवेना. त्या पोराचा काय दोष? त्यानं शाळेत जे दिलं ते पाठ केलं होतं, आणि मनापासून मदत केली होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग मुंबई राज्यातनं त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून मराठीत कागद मिळावेत म्हणून आमची माणसं मागणी करतायत, सीमाप्रश्नाचा दावा पण २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्या मागणीच्या बाजूनं मी आहे आणि राहणार, आजोबांचा कागद मराठीत असता तर हे झालंच नसतं. पण आजच्या घडीला ज्या घरात कन्नड वाचता येत नाही तिथं इंग्रजी कागद हाच आधार असतो, आणि तो वाचणारं घरात कोण असतं तर दहावी अकरावीचं पोर. सगळ्या घराचा कारभार त्या पोराच्या शब्दसंग्रहावर चाललेला असतो. म्हणून सांगते, या भागात इंग्रजी शब्दाचा अर्थ ही नुसती परीक्षेची गोष्ट नाही.

तर विनंती अशी आहे की रोज पाच शब्द देऊ नका, एकच द्या. पण त्याच्याबरोबर दोन तीन वाक्यं द्या, आणि ती वाक्यं इथली द्या, लाइट बिलातली, बँकेच्या कागदातली, औषधाच्या बाटलीवरची, तुमच्याच त्या दिवशीच्या बातमीतली. अर्थ दोन असतील तर दोन्ही द्या. शब्दाच्या पुढं मागं काय येतं, 'ऑन' की 'फॉर', ते द्या, आणि मराठीत त्याजागी 'वर' येतो की 'ला' ते सांगा. जमलं तर कन्नड शब्द पण द्या, देवनागरीतच द्या, पोरांना उपयोग होईल आणि मोठ्यांना पण. जागा तेवढीच लागेल, पाच शब्दांचीच. लिहायला माणूस नसेल तर आमच्या भागात कितीतरी निवृत्त मराठी शाळांचे शिक्षक आहेत जे फुकट लिहून देतील, मी ज्यांच्याकडं गेले त्या सरांनी तर मला दोन तास बसवून घेतलं आणि वर चहा पाजला. शाळेतल्या शिक्षकांना पण माझं सांगणं आहे की आठवड्यातनं एकदा पोरांना घरातला कुठलाही एक इंग्रजी कागद आणायला सांगा आणि तो वर्गात वाचा. धड्यातला उतारा वाचताना पोरं जांभया देतात, बापाच्या कर्जाचा कागद वाचताना नाही देणार.

आणि 'सँक्शन – मंजुरी' हे तुम्ही छापलंय त्याची दुरुस्ती छापा. अर्थ चुकीचा नव्हता, अर्धा होता. पण तो किती वह्यांमधे चिकटलाय कोणाला माहिती.

भाचीनं तिच्या वहीत त्या कात्रणाच्या खाली तीन वाक्यं स्वतः केली आहेत, त्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय. पहिली दोन मी मदत केली, तिसरं पूर्ण तिचं आहे, इंग्रजीत लिहिलंय, मराठीत त्याचा अर्थ असा: आजीनं मला जत्रेला जायला सँक्शन दिली, पण आठच्या आत घरी आले नाही तर माझ्यावर सँक्शन्स लागतील. तुमच्याकडच्या जाणकाराकडनं ते तपासून घ्या, आणि बरोबर असेल तर दुरुस्तीच्या खाली तेच वाक्य उदाहरण म्हणून छापा, नाव नाही घातलं तरी चालेल, ती कापून घेईल.

आपली,
एक वाचक,
बेळगाव